वकील बदलायचा की नाही, हे आधी रोजनाम्याला विचारा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी वडिलोपार्जित शेतजमीन आहे. वडिलांनी २०१८ मध्ये चुलत्यांविरुद्ध तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. २०२२ मध्ये वडील वारले. दिवस झाल्यावर वकिलांचा कारकून घरी येऊन आई, बहीण आणि या गृहस्थांच्या दोन-तीन कागदांवर सह्या घेऊन गेला, त्यानंतर फक्त तारखा. वकीलसाहेब फोन उचलत नाहीत, कारकून दर तारखेला पंधराशे रुपये मागतो, आणि आता कानावर आलंय की चुलतभाऊ रस्त्याकडेचा गट कोणाला तरी साठेखताने, म्हणजे विक्रीचा करार करून, देणार आहेत. मेहुण्यांचं म्हणणं, पुण्यातला एखादा मोठा वकील द्या. प्रश्न असे: वकील बदलू का, नवा कसा निवडू, जुने वकील कागद देतील का, फी किती असावी, आणि जुन्या वकिलांवर ग्राहक कोर्टात जाता येईल का?

मी साताऱ्यात सव्वीस वर्षं दिवाणी कामं करतो, त्यातली निम्मीअधिक वाटपाचीच. सगळ्यांची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमाने नाही. तुम्ही वकिलांबद्दल बरंच लिहिलंत. मला मात्र त्यातली एकच ओळ खटकली, आणि ती वकिलांबद्दलची नाही. वडील २०२२ ला वारले, ही.

वादी मयत झाला की त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. त्यासाठी मुदत ९० दिवसांची. ती चुकली तर दावा त्या वादीपुरता आपोआप संपतो. कोर्टाच्या भाषेत अबेट होतो. मग पुढच्या ६० दिवसांत ते अबेट होणं रद्द करून मागता येतं, आणि तेही गेलं तर उशीर माफीच्या अर्जासह जावं लागतं. अशा अर्जांकडे कोर्टं बऱ्यापैकी उदारपणे बघतात, पण कारण पटवून द्यावं लागतं आणि त्यात वर्ष कसं जातं ते कळत नाही. शिवाय वडिलांनी दिलेलं वकीलपत्र वडिलांबरोबर संपलं. तुमच्यातर्फे उभं राहायला वकिलांना तुम्हा तिघांचं नवं वकीलपत्र लागतं.

म्हणजे कारकून ज्या कागदांवर सह्या घेऊन गेला ते बहुधा हेच असणार: वारसांचा अर्ज, शपथपत्र, वकीलपत्र. तसं असेल तर तुमच्या वकिलांनी सगळ्यात महत्त्वाचं काम न सांगता, वेळेत केलं. फक्त तुम्हाला कळवलं नाही. आणि तो अर्ज दाखलच झाला नसेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. या दोन शक्यतांमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तुम्हाला आज यातलं काय खरं ते माहीत नाही. ते माहीत नसताना वकील बदलणं म्हणजे ताप न मोजता डॉक्टर बदलणं.

मोजायचं साधन फुकट आहे. मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप घ्या. तुमच्याकडच्या कुठल्या तरी कागदावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असेल; महाराष्ट्रातले नंबर एमएचने सुरू होतात. तो नसेल तर जिल्हा, कोर्ट, वर्ष २०१८ आणि वडिलांचं नाव घालून शोधा. प्रत्येक तारखेला काय झालं त्याची ओळ-दोन ओळी तिथे दिसतात. त्यात फार त्रोटक लिहिलेलं असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन पूर्ण रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाने ठेवलेल्या तारीखवार नोंदींची, सहीशिक्क्याची नक्कल काढा. एक सुट्टी टाकावी लागेल. टाका.

आता रोजनामा कसा वाचायचा ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. दिवाणी दावा रखडतो त्या बऱ्याच जागा वकिलाच्या हातात नसतात. न्यायाधीशांची बदली झाली, नवे यायला चार महिने लागले. एका प्रतिवादीला समन्स लागेना, कारण तो मुंबईत खोल्या बदलत राहिला. कोर्टापुढे रोज शंभर कामं, आणि २०१८ च्या आधीची कामं अजून पडून. अशा तारखांच्या पुढे ‘कामाअभावी तहकूब’, ‘प्रतिवादींचा मुदतीचा अर्ज मंजूर’ असं काही दिसेल. त्याचा राग वकिलांवर काढू नका. पण ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’ ही ओळ वारंवार येत असेल, ‘वादीने पुरावा द्यावा, शेवटची संधी’ दोनदा-तीनदा आलं असेल, वादीवर खर्च बसवलेला असेल, तर तो भाग तुमच्या बाजूचा आहे आणि त्याचा जाब विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि देव न करो, पण ‘दावा काढून टाकण्यात येतो’ असं दिसलं, तर फोन ठेवून गाडी काढा. गैरहजेरीत काढून टाकलेला दावा परत फायलीवर घ्यायला ३० दिवस असतात.

मी माझ्याकडे येणाऱ्याला नेहमी आधी हे करायला लावतो. निम्मे लोक रोजनामा वाचून परत जुन्याच वकिलाकडे जातात. माझं काम जातं, पण त्यांचं वाचतं. उलटही घडलंय. २०११ मध्ये माझाच एक पक्षकार असा रोजनामा घेऊन माझ्यासमोर बसला. त्याच्या कामात सलग चार तारखा मी दुसऱ्या कोर्टात अडकलो म्हणून ज्युनिअरला पाठवलं होतं आणि ज्युनिअरने चारही वेळा मुदत मागितली होती. मला उत्तर देता येईना. त्याने फाइल मागितली, मी दिली, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं.

साठेखताचं मात्र रोजनामा वाचून होईपर्यंत थांबू नका. दावा चालू असताना विकलेली जमीन घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. लोक एवढं ऐकून निर्धास्त होतात. पण आपल्या महाराष्ट्रात या कलमाला जुन्या मुंबई राज्याची, १९३९ ची दुरुस्ती लागू आहे: दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेली असावी लागते. ती नोंदवली नसेल तर घेणारा उद्या ‘मला काय माहीत’ म्हणून उभा राहतो. तुमच्या दाव्यात ही लिस पेंडन्सची नोटीस नोंदवली आहे का, आणि निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, काय हुकूम झाला, ही दोन उत्तरं याच आठवड्यात मिळवा. जुने वकील देवोत की नवे.

इथेच नव्या वकिलाच्या निवडीचा मुद्दा येतो. मी वरचे दोन प्रश्न लिहिले ते तुम्हाला पाठ करून वकिलाची परीक्षा घेता यावी म्हणून नव्हे. उलट, चांगला वकील हे प्रश्न तुम्हाला विचारील. वाटपाच्या कामात ज्याने हात काळे केलेत तो पहिल्या भेटीत निकालाबद्दल बोलत नाही. तो कोरा कागद ओढतो आणि वंशावळ काढायला लागतो. आजोबांना किती मुलं? मुली किती? आत्या हयात आहेत का, नसतील तर त्यांची मुलं? त्या दाव्यात पक्षकार आहेत का? कारण आवश्यक पक्षकार नाही म्हणून वाटपाचे दावे पडलेले आहेत, आणि आत्यांना विसरणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलाइतकाच आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला उरलासुरला गोंधळही संपवला. त्यामुळे तुमची बहीणही सहीपुरती नाही. तिचा स्वतःचा हिस्सा आहे. पुढे तो विचारील, सगळ्या मिळकती दाव्यात घेतल्यात का? गावातलं घर, परसातली जागा, दुसऱ्या गावचा एखादा गट? अर्धवट मिळकतीचं वाटप मागितलं की समोरचा वकील पहिला दगड तिथेच मारतो.

असे प्रश्न न विचारता जो ‘काळजी करू नका, निकाल आपलाच’ म्हणतो, त्याच्याकडे चहा पिऊन उठावं. ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे चहाही पिऊ नये.

शोधायचा कुठे? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे ‘नंबर एक दिवाणी वकील’ अशा पाट्यांना भुलू नका. माझा उपाय जुना आहे. नक्कल काढायला जाल त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसा. दिवाणी कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कोणी उठवणार नाही. कुठल्याशा वाटपाच्या किंवा मनाईच्या दाव्यात उलटतपास चालू असेल तो ऐका. कोणता वकील सातबारा आणि फेरफार न चाचपडता हातात घेतो, कोण साक्षीदारावर आवाज चढवतो आणि कोण शांतपणे त्याच्याकडून हवं ते काढतो, हे तासाभरात सामान्य माणसालाही कळतं. फौजदारीत गाजलेलं नाव तुमच्या कामाचं असेलच असं नाही. खून खटल्यात आरोपी सोडवणारे एक ज्येष्ठ वकील माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या जमिनीचं काम ते दुसऱ्याकडे देतात.

मेहुण्यांच्या सूचनेबद्दल. पुण्याचा वकील वाईट असं नाही. पण तुमचं काम पुरावा आणि उलटतपासाच्या टप्प्यावर असेल, तर वर्षभरात आठ-दहा तारखा पडतील आणि त्यातल्या दोन-तीनच कामाच्या निघतील. कुठल्या, ते आदल्या दिवशीही सांगता येत नाही. पुण्याचे वकीलसाहेब दोनदा येतील, तिसऱ्यांदा ज्युनिअर येईल, आणि प्रवासाचं बिल तिन्ही वेळा येईल. मग तो ज्युनिअर स्थानिक वकिलाकडूनच मुदतीचा अर्ज देऊन घेईल. म्हणजे शेवटी काम स्थानिकाकडेच, फी दोघांची. याउलट सगळा पुरावा संपला, कायद्याचा एखादा खरोखर अवघड मुद्दा आहे, तर अंतिम युक्तिवादापुरता बाहेरचा वकील बोलवावा. त्याला माझी हरकत नाही, मीही बोलावलेत. आणि पुढे कधी हायकोर्टात जावं लागलंच, तर ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा मुंबईतल्या नावाचाही मोह नको.

स्थानिक वकिलाबद्दल एक भीती मला सगळेच पक्षकार बोलून दाखवतात: ‘आमचे वकील समोरच्या वकिलाबरोबर कँटीनला चहा पीत होते.’ अहो, पिणारच. तालुक्याच्या बारमध्ये तीस-चाळीस माणसं, आज समोरासमोर, उद्या एका बाजूला. मी ज्यांच्याविरुद्ध गेली वीस वर्षं भांडतोय त्यांच्या मुलाच्या लग्नात मी पंगतीला वाढायला होतो. चहावरून फितुरी ठरत नाही. खरी तपासण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: या वकिलाने याच भांडणात पूर्वी कधी तुमच्या चुलत्यांना सल्ला दिला होता का, त्यांच्यासाठी नोटीस पाठवली होती का? दिली असेल तर त्याला तुमचं काम घेता येत नाही. थेट विचारा, राग मानणार नाही. मानला तर उत्तर मिळालं.

फीबद्दल आकडा सांगणं अवघड, कारण गावागणिक, मिळकतीगणिक आणि वकिलाच्या वयागणिक तो बदलतो. पद्धत सांगतो. तारखेगणिक पैसे ही पद्धत मला स्वतःला पसंत नाही. त्यात वकिलाच्या मनात पाप नसलं तरी तारीख पडली की दोघांपैकी एकाचं नुकसान आणि एकाचं नाही, हे समीकरण उभं राहतंच. मी टप्प्याने घेतो: कागद वाचून वकीलपत्र दाखल करताना काही, मनाईच्या अर्जाच्या वेळी काही, पुरावा सुरू होताना आणि युक्तिवादाला उरलेली. टायपिंग, नकला, प्रोसेस फी हा खर्च वेगळा, पावतीसह. पहिल्याच भेटीत हे कागदावर लिहून घ्या. चार ओळींचा व्हॉट्सॲप मेसेजही चालतो. आणि कोणी ‘फी नको, जमीन सुटली की दोन गुंठे द्या’ म्हणालं, तर ते दिलदारीचं लक्षण समजू नका. दाव्याच्या फळात वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आई आणि बहीण वारस असल्याने आणखी एक वाट आहे: स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, मदतवाहिनी १५१००.

कागद देतील का? द्यावेच लागतात. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडकवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट सांगितलंय. तरी व्यवहारात काय होतं ते सांगतो. नवा वकील काम घेताना जुन्याची ना हरकत मागतो, कारण तो शिष्टाचार आहे. जुने म्हणतात, आधी मागची बाकी द्या. बाकी खरी असेल तर देऊन टाका, पावती घ्या, आणि त्याच बैठकीत ना हरकत आणि फाइल घेऊन उठा. हटून बसले तर कोर्टाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र संपवता येतं, आणि दाखल कागदांच्या नकला कोर्टातून मिळतात. फाइलवाचून दावा अडत नाही. भांडत बसण्याने अडतो.

ग्राहक कोर्टाचा नाद सोडा. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०२४ चा निकाल आहे. गैरवर्तन असेल, म्हणजे पैसे खाल्ले, समोरच्याला सामील झाले, खोट्या सह्या केल्या, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. फोन न उचलणं त्यात बसत नाही. ते बसत असतं तर आम्ही सगळेच घरी बसलो असतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच वकील कोर्टात असतो, तिथे फोन बंद. तुम्ही ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन करत असाल तर तो लागणारच नाही. संध्याकाळी सात नंतर करा, किंवा दुपारी मेसेज टाका: दावा नंबर, पुढची तारीख, आणि एकच प्रश्न. ‘साहेब, आपल्या कामाचं काय?’ या मेसेजला उत्तर देणं मलाही जमत नाही, कारण त्यासाठी फाइल शोधावी लागते.

तुमच्या बाजूची कामंही थोडी आहेत. घरातून वकिलाशी एकानेच बोलायचं. आई एक सांगते, मेहुणे दुसरं, आणि शपथपत्रात तिसरंच येतं. वडिलांच्या काळापासूनच्या घटना तारखांसह एका पानावर लिहून न्या. मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या, आणि मूळ कोर्टात दाखल करायचे तेव्हा यादीसह, आधी फोटो काढून. कोऱ्या कागदावर सही नाही. तुम्ही सह्या केलेल्या त्या कागदांत कोरं काही होतं का, हेही आठवून पाहा.

आणि लपवू नका. माझ्या एका वाटपाच्या कामात वादीने जुनी हिस्सेचिठ्ठी, म्हणजे वाटणीचा घरगुती कागद, सांगितलीच नाही. शंभराच्या स्टॅम्पवर, त्याच्या वडिलांचा अंगठा असलेली. नोंदणी नाही म्हणजे तिला किंमत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. उलटतपासात समोरच्या वकिलाने ती काढून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, हा अंगठा कोणाचा? नोंदणी नसलेल्या चिठ्ठीला उत्तर होतं, आधी कळलं असतं तर मी ते दाव्यातच मांडलं असतं. पण ‘माहीत नाही’ म्हणून फिरलेल्या साक्षीदाराला काही उत्तर नसतं. तुम्ही वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने गोपनीय असते. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ त्यासाठीच आहे. त्यामुळे घरात असा काही कागद असेल तर पहिल्या भेटीत टेबलावर ठेवा.

एक शक्यता राहिली, तडजोडीची. चुलतभावांना विकायची घाई आहे, म्हणजे त्यांना पैशाची गरज आहे. अशा वेळी बोलणी होतात. वकील तुमच्या संमतीशिवाय तडजोड करू शकत नाही. मात्र लोकअदालतीत एकदा सह्या झाल्या की त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून कुठला गट, कुठल्या बाजूने, विहिरीचा हिस्सा आणि वाट कोणाची, हे नकाशावर खुणा करून मगच सही.

तेव्हा आता असं करा. नक्कल हातात आली की त्याच संध्याकाळी जुन्या वकिलांच्या ऑफिसात जा. वडिलांचं नाव सांगा. जुन्या माणसांना नावं लक्षात असतात. तक्रारीने सुरुवात करू नका. रोजनामा समोर ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा: वारसांच्या अर्जावर हुकूम झाला का, आणि नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवली आहे का. त्यांनी कारकुनाला हाक मारून फाइल काढायला लावली, तर खुर्ची ओढून बसा. ‘बघू, पुढच्या तारखेला या’ म्हणाले, तर तिथेच नम्रपणे ना हरकत मागा.